मार्तंड सूर्यमंदिर, मट्टन (काश्मीर): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहलगामला जाणाऱ्या गाड्यांमध्ये मराठी माणसं किती असतात हे काश्मीरला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या मार्तंडापासून अगदी थोड्या अंतरावरून निघून जातात. काही जण मट्टनच्या कुंडावर उतरतात, मासे बघतात आणि "सूर्यमंदिर झालं" असं समजून पुढे जातात. वरच्या पठारावर उभं असलेलं, जवळजवळ तेराशे वर्षांपूर्वीचं मंदिर बघायचं राहूनच जातं. तसं होऊ नये म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

मंदिर नेमकं कुठे आहे?

जम्मू-काश्मीरमधल्या अनंतनाग जिल्ह्यात, मट्टन गावाच्या वरच्या पठारावर. अनंतनाग शहरापासून आठ-नऊ किलोमीटर, श्रीनगरहून साधारण पासष्ट. काश्मीर खोऱ्यात अशी सपाट माथ्याची, कडा एकदम तुटलेली पठारं जागोजागी दिसतात. भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना करेवा म्हणतात, तिथले लोक वुडर म्हणतात. फार पूर्वी हे खोरं म्हणजे एक मोठं सरोवर होतं, आणि त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाची ही पठारं झाली. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांपुढे आणा, त्याच्यावर सफरचंद-बदामाच्या बागा ठेवा आणि चहूकडे बर्फाचे डोंगर उभे करा, म्हणजे जागेची थोडी कल्पना येईल. उंची आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या आसपास, किंचित जास्तच. त्यामुळे उंचीचा त्रास व्हायचं कारण नाही.

मट्टनच्या कुंडावरचं मंदिर आणि हे मंदिर एकच का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खाली मट्टन गावात झऱ्यांचं तीर्थ आहे. विमला आणि कमला अशी दोन झऱ्यांची नावं. स्वच्छ गार पाणी, त्यात माशांचे थवे, काठावर चिनार आणि आजही पूजा चालू असलेलं सूर्याचं मंदिर. काश्मिरी पंडितांचं हे पितरांचं तीर्थ. अधिक महिन्यात, म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांनी एकदा, इथे श्राद्ध-तर्पणासाठी मोठी गर्दी होते. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची नावं वहीत सापडतात, तशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या मट्टनच्या पुरोहितांनीही ठेवल्या. अमरनाथाच्या जुन्या पायी वाटेवरचाही हा मुक्काम होता. शेजारीच गुरुद्वारा आहे. गुरू नानक इथे आले आणि पंडित ब्रह्मदासांशी त्यांचा संवाद झाला असं शीख परंपरा सांगते.

वर पठारावर आहे ते आठव्या शतकातल्या लळितादित्य राजाचं दगडी मंदिर. तिथे पूजा होत नाही, मूर्ती नाही, छप्पर नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं ते संरक्षित स्मारक आहे.

पण ही दोन ठिकाणं एकमेकांपासून तोडून बघू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खालच्या झऱ्यामुळे ही जागा मार्तंडाचं क्षेत्र ठरली, आणि त्या क्षेत्राचं मंदिर म्हणून वरचं बांधकाम झालं. मंदिर पडलं तरी झऱ्यावरची यात्रा थांबली नाही. १९९० मध्ये बहुतेक पंडित कुटुंबांना खोरं सोडावं लागलं, त्यानंतरही लोक पितरांसाठी इथे येत राहिले. वरचे अवशेष बघून "सगळं संपलं" म्हणत परतणाऱ्याला खालचं कुंड दाखवायला हवं, आणि कुंडावरूनच परतणाऱ्याला वरचं मंदिर.

कोणी आणि केव्हा बांधलं?

कार्कोट घराण्यातला राजा लळितादित्य मुक्तापीड याने, आठव्या शतकात. त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. ७२४ ते ७६० असा धरतात. कनौजच्या यशोवर्म्याला हरवणारा आणि चीनच्या तांग दरबाराकडे दूत पाठवणारा हा राजा. त्याच्या दिग्विजयाची काही वर्णनं अतिशयोक्त आहेत, पण त्याची बांधकामं तशी नाहीत. ती दगडात उभी आहेत.

कल्हण या इतिहासकाराने बाराव्या शतकाच्या मध्यावर 'राजतरंगिणी' हा काश्मीरच्या राजांचा इतिहास पूर्ण केला. त्यात या मंदिराचा उल्लेख आहे: अखंड दगडी तट असलेलं मार्तंडाचं अद्भुत मंदिर आणि त्याच्याभोवती द्राक्षांनी बहरलेलं नगर. आज त्या पठारावर उभं राहून हे वाचलं की नगर कुठे असेल, द्राक्षांना पाणी कुठून येत असेल, असे प्रश्न पडायला लागतात.

कल्हण पुढेही मार्तंडाकडे पुन्हा पुन्हा येतो. अकराव्या शतकातल्या कलश राजाने ताम्रस्वामी नावाची सूर्याची तांब्याची मूर्ती नष्ट केली होती. शेवटच्या आजारात त्याला त्याची धास्ती वाटली. तो मार्तंडाच्या पायाशी आला, सोन्याची मूर्ती अर्पण केली आणि तिथेच १०८९ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा हर्ष याने तर पैशासाठी काश्मीरमधल्या देवळांच्या मूर्ती वितळवल्या. ज्या मोजक्या मूर्ती त्याच्या हातून वाचल्या, त्यांत मार्तंडाची होती. या जागेचा दरारा केवढा होता, ते या दोन नोंदींवरून कळतं.

मार्तंड म्हणजे आपला खंडोबाच का?

खंडोबाला आपण मल्हारी मार्तंड, मार्तंडभैरव म्हणतो, म्हणून जेजुरीकर घरांतून हा प्रश्न हमखास येतो. काश्मीरचा मार्तंड मात्र थेट सूर्य. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अदितीच्या आठ पुत्रांची कथा येते: सात जणांना घेऊन ती देवांकडे गेली, आठव्या मार्तंडाला तिने दूर टाकलं. तोच हा. खंडोबाच्या रूपात शिव आणि सूर्य एकत्र आले, तिथे नाव तेच वापरलं गेलं. दोन्ही दैवतांची परंपरा, पूजा आणि कथा वेगळ्या आहेत.

छप्पर नाही, मूर्ती नाही, मग बघायचं काय?

पुष्कळ आहे. फक्त सावकाश बघावं लागतं.

आधी अंगण बघा. साधारण २२० फूट लांब आणि १४२ फूट रुंद असा हा चौक, आणि त्याच्या चारही बाजूंनी खांबांची रांग आणि छोट्या देवळ्या. काश्मीरच्या देवळांतली अशी स्तंभरांग इथे सर्वांत मोठी आहे. खांब ८४ होते असं सांगितलं जातं. बरेच पडले आहेत, काहींची फक्त बैठक उरली आहे. तरी एका कोपऱ्यात उभं राहून नजर फिरवली की मूळचा आवाका कळतो. मंदिर आत मधोमध, उंच जोत्यावर.

मग खांब जवळून बघा. त्यांच्यावर उभ्या खाचा कोरलेल्या आहेत. ते ग्रीक देवळांच्या खांबांची आठवण करून देतात, आणि ते उगाच नाही. गांधार देश काश्मीरच्या शेजारचा, आणि तिथली ग्रीक वळणाची कला शतकानुशतकं या डोंगरांतून झिरपत राहिली. लळितादित्याच्या स्थपतींनी ती घेतली आणि आपली केली.

कमानी त्याहून वेगळ्या. तीन पाकळ्यांची कमान, तिच्यावर उतरत्या छपराच्या आकाराचं त्रिकोणी शीर्ष. ही काश्मीरची खास ओळख. मंदिराचं मूळ छप्परही दगडाचंच, पिरॅमिडसारखं उतरतं असावं असं अभ्यासक मानतात. जिथे हिवाळ्यात बर्फ साचतो तिथे उतरतं छप्पर हवंच. कोणार्क, मोढेरा पाहिलेल्यांना हा फरक लगेच जाणवेल. काळाचाही फरक आहे: मोढेरा अकराव्या शतकातलं, कोणार्क तेराव्या. मार्तंड कोणार्कपेक्षा सुमारे पाचशे वर्षांनी जुनं आहे.

पायऱ्या चढून आत गेलात की मंडप, अंतराळ (मंडप आणि गाभाऱ्याच्या मधला छोटा भाग) आणि गाभारा असे तीन भाग ओळीने लागतात. अंतराळाच्या भिंतींवर गंगा आणि यमुना शोधा. गंगा मगरीवर, यमुना कासवावर. चेहरे झिजले आहेत, पण देहाची लय अजून कळते. मंडपात तीन मुखांचा विष्णूही आहे. मधलं मुख माणसाचं आणि बाजूंना सिंह व वराह, अशी विष्णूची मूर्ती ही काश्मीरची आवडती घडण. सूर्याच्या देवळात विष्णू कसा, असं वाटून घेऊ नका. काश्मीरमध्ये या उपासना एकमेकींत मिसळूनच वाढल्या.

दगड राखाडी चुनखडीचा. काही चिरे इतके प्रचंड आहेत की ते पठारावर कसे चढवले असतील याचा विचार करत माणूस तिथेच थबकतो. जुन्या काश्मिरी लोकांनी या आकाराचा संबंध पांडवांशी लावला. या अवशेषांना पांडवांचं घर म्हणायची तिथे रीत आहे. आपल्याकडे प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, त्याच जातीची ही श्रद्धा.

आणि शेवटी मंदिराकडे पाठ करून खोरं बघा. जागा निवडणाऱ्याची नजर काय होती ते तिथे कळतं.

मंदिर कोणी पाडलं?

विध्वंसाचा ठपका काश्मीरचा सुलतान सिकंदर शाहमीरी याच्यावर ठेवला जातो. त्याची कारकीर्द १३८९ ते १४१३. 'बुतशिकन' म्हणजे मूर्तिभंजक हे त्याचं इतिहासातलं नाव. कल्हणाचं काम पुढे नेणारा जोनराज हा जवळच्या काळातला लेखक. त्याने या काळातल्या मंदिरांच्या विध्वंसाचं वर्णन केलं आहे आणि त्यात सुलतानाचा मंत्री सुहभट्ट याला विशेष दोष दिला आहे. मार्तंडासारखं बांधकाम पाडायला वर्षभर लागलं अशी आठवण लोकांत आहे. काही अभ्यासक त्याबरोबर भूकंपांकडेही बोट दाखवतात. काश्मीर भूकंपप्रवण आहे आणि खांबांची आजची पडझड एका वेळची नसावी, हे त्यांचं म्हणणं. भूकंप झाले असणार. पण मूर्तिभंजनाची जवळच्या काळातली नोंद असताना सगळी जबाबदारी भूकंपावर टाकणं मला पटत नाही.

याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवायला हवी. याच सिकंदराचा मुलगा झैन-उल-आबिदीन. त्याने लिद्दर नदीचं पाणी कालव्याने या मार्तंडाच्या पठारावर आणलं आणि कोरडी पडलेली जमीन पुन्हा पिकाखाली आली. काश्मिरी लोक त्याला आजही 'बडशाह', मोठा राजा, म्हणतात. इतिहास वाचताना बाप आणि मुलगा दोघेही लक्षात ठेवावेत.

तिथे पूजा, आरती करता येते का?

नाही. हे संरक्षित स्मारक आहे आणि संरक्षणाखाली आलं तेव्हा तिथे पूजा चालू नव्हती. अशा ठिकाणी परवानगीशिवाय धार्मिक कार्यक्रम करता येत नाही. मे २०२२ मध्ये इथे पूजा झाली, त्यात नायब राज्यपाल मनोज सिन्हा सहभागी झाले, आणि पुरातत्त्व विभागाने त्यावर नाराजी कळवली. त्याची बातमी देशभर झाली होती.

मनातल्या मनात सूर्याला नमस्कार करायला कुणाची आडकाठी नाही. पण दगडांना कुंकू लावणं, दिवा-उदबत्ती पेटवणं, नारळ फोडणं कृपा करून टाळा. चुनखडीच्या दगडावर तेल आणि रंग कायमचे बसतात. पूजाच करायची असेल तर खाली कुंडावर करा. तिथे पुजारी आहेत, परंपरा चालू आहे, आणि तुमची दक्षिणा ती चालू ठेवायला मदत करते.

मंदिर पुन्हा बांधणार आहेत का?

२०२४ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने जुन्या मंदिरांचं जतन-जीर्णोद्धार आणि मार्तंडाच्या आवारात लळितादित्याचा पुतळा या विषयांवर बैठक बोलावली होती. माझं मत विचाराल तर पडलेले मूळ दगड ओळखून शक्य तिथे जागेवर बसवावेत, उभ्या भिंती पावसा-बर्फापासून सांभाळाव्यात, आणि नवा दगड घालून 'पूर्वीसारखं' मंदिर करायचा मोह टाळावा. शिखर कसं होतं हे कुणीच पाहिलेलं नाही. १८६८ मध्ये हेन्री कोलच्या पुरातत्त्व पाहणीसाठी जॉन बर्क या छायाचित्रकाराने इथे फोटो घेतले, तेव्हाही छप्पर नव्हतंच.

जायचं कसं?

मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. रेल्वेने यायचं तर जम्मू किंवा कटऱ्यापर्यंत या. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे आणि ती चिनाब पुलावरून जाते. खोऱ्यातल्या लोकल गाड्या अनंतनाग स्थानकावर थांबतात.

बहुतेक लोक श्रीनगर–पहलगाम प्रवासातच हे ठिकाण जोडतात, आणि तेच सोयीचं. फक्त एक गोष्ट गाडी ठरवतानाच चालकाला सांगा. पहलगामला जायला दोन वाटा आहेत: एक बिजबेहाऱ्याहून आतून, दुसरी खानाबल–अनंतनाग–मट्टनवरून. पहिल्या वाटेने गेलात तर मार्तंड लागतच नाही. "मट्टनवरून जायचंय, आणि कुंडावर नाही, वरच्या खंडरावर आधी" असं हिंदीत स्पष्ट सांगा. मट्टनपासून वर गाडीने काही मिनिटं लागतात. टूर कंपनीबरोबर जात असाल तर निघण्याआधीच कार्यक्रमात हे लिहून घ्या. ऐन वेळी तीस जणांच्या बसमध्ये एकट्याने आग्रह धरणं कठीण जातं.

कोणत्या वेळी जावं? किती वेळ ठेवावा?

प्रवेश पश्चिमेकडून आहे. सकाळी ऊन मंदिराच्या मागून येतं आणि दर्शनी भाग सावलीत राहतो. दुपारनंतर तोच भाग उजळतो आणि कोरीव काम उठून दिसतं. म्हणून पहलगामहून परत येताना, तीन-चारच्या सुमाराला इथे पोचायचा बेत करा. वरच्या मंदिराला दीड तास आणि कुंडाला पाऊण तास तरी द्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी निघा.

कोणत्या महिन्यात?

एप्रिल-मेमध्ये बागा फुललेल्या असतात आणि मागचे डोंगर अजून पांढरे. ऑक्टोबरच्या शेवटी चिनार लाल होतात. माझी पसंती ऑक्टोबरला: हवा कोरडी, आकाश निवळलेलं, गर्दी कमी. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे चिल्लाई कलां म्हणतात. तेव्हा थंडी आपल्या अंगाला झेपण्यापलीकडची असते आणि दगडांवर बर्फ असला तर पाय घसरतो.

सुरक्षित आहे का?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरणला २६ जणांना मारण्यात आलं. त्यात महाराष्ट्रातलीही माणसं होती. त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला भित्रा म्हणू नये. त्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. निघण्यापूर्वी त्या आठवड्यातली स्थिती हॉटेलमालकाकडे आणि चालकाकडे विचारा, प्रशासनाच्या सूचना पाळा, तपासणी नाक्यांवर ओळखपत्र हाताशी ठेवा. सुरक्षा दलांच्या चौक्यांचे फोटो काढू नका. स्थानिक माणसं अगत्याची आहेत आणि रस्ता विचारलात तर बरोबर येऊन दाखवतात.

मोबाइल चालतो का?

तुमचं सिमकार्ड प्रीपेड असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये ते चालत नाही, पोस्टपेड चालतं. कुटुंबात निदान एक पोस्टपेड नंबर असू द्या, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

आजी-आजोबांना आणि मुलांना जमेल का?

चौकात फिरणं सहज जमतं. गाभाऱ्याकडे चढायच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, तिथे हात धरायला कुणीतरी हवं. गुडघे दुखत असतील तर खालूनही बरंच दिसतं. मुलांना भिंतींवर चढू देऊ नका. स्वच्छतागृहाची सोय अनंतनाग किंवा मट्टनलाच उरकून घ्या. टोपी आणि पाणी बरोबर असावं, कारण वर सावली फारशी नाही.

वाटेत आणखी काय बघता येईल?

श्रीनगरहून येताना महामार्गालगत अवंतीपूर लागतं. नवव्या शतकातल्या अवंतिवर्मा राजाची विष्णूची आणि शिवाची अशी दोन मंदिरं तिथे आहेत. मार्तंडाच्या आधी अवंतीपूर बघा. तिथल्या विष्णूमंदिराचा चौक लहान, कोरीव काम जास्त टिकलेलं, त्यामुळे मार्तंड समजायला मदत होते. संगम गावाजवळ रस्त्याच्या दोन्ही कडांना विलोच्या लाकडाच्या क्रिकेट बॅटींची दुकानं आहेत. मुलं गाडी थांबवायला लावतीलच. मट्टनच्या पुढे पहलगाम रस्त्यावर बुमजूची गुहा-मंदिरं आणि ऐशमुकामचा दर्गा आहे, आणि पहलगामला मामलेश्वराचं छोटं जुनं शिवमंदिर. वेगळा दिवस असेल तर अच्छाबलची बाग आणि झेलमचा उगम असलेलं वेरीनाग.

सूर्यमंदिरांचीच ओढ असेल तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कनकादित्य पाहिला नसेल तो आधी बघून घ्या. तिथे सूर्याची पूजा आजही रोज चालू आहे.

फोटो आणि ड्रोनचं काय?

मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते. ड्रोन मात्र घरीच ठेवा. संरक्षित स्मारकावर त्याला परवानगी लागते आणि काश्मीरमध्ये नियम फार कडक आहेत. लग्नाआधीच्या फोटोंसाठी पोशाख आणि सामान घेऊन गेलात तर राखणदार अडवतील, आणि ते योग्यच आहे. गंगा-यमुनेच्या मूर्तींना हात लावून किंवा टेकून फोटो काढू नका. बोटांचा घाम आणि तेल झिजलेल्या दगडाला आणखी झिजवतं.